हिरव्या स्टिकरच्या दोनशे बारा बाटल्या

मंगळवार, ५ मार्च

दादा,

दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. परवा दुपारी बाळाच्या पेटीशेजारी दुधाची बाटली ठेवली होती. तिच्यावर हिरवं स्टिकर होतं. ते हिरवं खरं की खोटं हे मला कळत नाही, म्हणून झोप नाही.

बाळ म्हणजे माझंच बाळ. तू मामा झालास. हे असं कागदावर सांगायचं नव्हतं मला. तुझा नंबर लागत नाही, मग काय करू? तुझ्या जुन्या ऑफिसच्या पत्त्यावर लिहितेय. फोन केला तर वॉचमन म्हणाला, त्यांचं टपाल इथे एका टेबलावर ठेवतात, कोणी ना कोणी पोचवतं. नंबर मागितला तर म्हणाला, "ताई, नियम नाही."

मुलगी आहे. चोवीस फेब्रुवारीला झाली, दोन महिने आधीच. चौदाशे ग्रॅम. माझ्या दोन्ही तळव्यांत मावते आणि वर जागा उरते. काचेच्या पेटीत ठेवलीय, नाकातून नळी आहे, दर दोन तासांनी बारा मिली दूध त्या नळीतून जातं. मला दूध उतरत नाही रे. पंप लावून अर्धा तास बसते तेव्हा बाटलीचा तळ जेमतेम ओला होतो. म्हणून तिला बँकेचं दूध. आमच्याच दवाखान्यातल्या दूध-बँकेचं. तीन वर्षं मी ज्या टेबलावर बसले, तिथून येणारं.

तू आमचं काम मशीनच्या आतून बघितलंयस. मी बाहेरून सांगते. ज्या आयांना जास्तीचं दूध असतं त्या आमच्याकडे देऊन जातात. आम्ही ते अर्धा तास गरम पाण्यात तापवतो, गार करतो आणि प्रत्येक बाटलीतलं चमचाभर लॅबला पाठवतो. दोन दिवसांनी लॅबवाल्या मॅडम फोनवर आकडे सांगतात, अमक्या बाटलीत जंतू इतके, तमक्या बाटलीत तितके. कागद-बिगद काही नाही. फोन कानाला लावायचा आणि आकडा मशीनवरच्या, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या, रकान्यात टाकायचा. शून्य असला की दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीतल्या बायका मशीनमधून हिरवं स्टिकर काढून चिकटवतात. शून्य नसला तर लाल, आणि दूध ओतून द्यायचं.

परवाच्या बाटलीवर तारीख होती एकोणीस फेब्रुवारी. एकोणीस, वीस, एकवीस. ते तीन दिवस लॅबचं मशीन बंद पडलं होतं. मला चांगलं आठवतंय, कारण त्याच दिवसांत माझे पाय सुजले होते आणि मी स्टुलावर पाय ठेवून काम करत होते. मग त्या बाटलीला शून्य कुठून आलं? नंतर मशीन सुरू झाल्यावर कोणी तपासलं? की कोणीतरी रकाना तसाच रिकामा सोडला आणि मशीनने त्याचं शून्य केलं?

तू हेच म्हणायचास ना? मला तेव्हा कळलं नव्हतं. खरं म्हणजे मी ऐकूनच घेतलं नाही.

बाळ बरं आहे. आज तिने डोळे उघडले. तुझ्यासारखे कान आहेत, जरा बाहेर आलेले. तुझे दाजी म्हणतात, मामाचे कान घेतले, आता अक्कलही मामाची घेऊ दे. मी म्हटलं, घेऊ दे.

पत्र मिळालं तर फोन कर. माझा नंबर तोच आहे.

तुझी बारकी


गुरुवार, ७ मार्च

दादा,

बाळाला ताप आलाय. काल पहाटेपासून. डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं, एवढ्याशा टाचेतून. तिचं रडणं ऐकू येत नाही, पेटीतून नुसतं तोंड उघडलेलं दिसतं. रक्ताचा रिपोर्ट यायला पाच दिवस लागतात. औषध चालू केलंय.

मी परवाच्या पत्रात "कोणीतरी" असं लिहिलं. कोणीतरी नाही. मीच.

रकाना रिकामा सोडायची युक्ती माझी. मीच काढली, तीन वर्षांपूर्वी, कामाला लागून महिनाही झाला नव्हता तेव्हा. लॅबच्या मॅडमचा फोन आला नाही की काम अडून बसायचं. त्या बाटलीचा आकडा टाकल्याशिवाय मशीन पुढची बाटली घेईना. मी चुकून बटण दोनदा दाबलं आणि ते गेलं पुढे. मला केवढा आनंद झाला! सातवी शिकलेली मी, आणि मशीनला गुंडाळलं. सगळ्या बायकांना मीच दाखवलं, "असं दोनदा दाबायचं, मग उद्या फोन आला की भरायचं." बाटल्या धुणाऱ्या मावशी तर म्हणायच्या, "हिचा भाऊ कॉम्प्युटरवाला, म्हणून हिच्याही बोटाला गुण आलाय."

दुसऱ्या दिवशी भरायचं कधी लक्षात राहायचं, कधी नाही. मला वाटायचं, नाही भरलं तरी रिकामं आहे म्हणजे रिकामंच राहील, स्टिकर निघणार नाही, बाटली पडून राहील. स्टिकर काढायला सकाळच्या पाळीच्या बायका, आमची भेटसुद्धा व्हायची नाही. रिकाम्याचं आत शून्य होतं आणि शून्याचं हिरवं होतं, देवाशपथ माहीत नव्हतं.

तू सांगितलं होतंस. मागच्या ऑक्टोबरमध्ये. आठवतं तुला? मी भांडी घासत होते, फोन खांद्यात धरून बोलत होते. तू म्हणालास, "बारके, तुमच्याकडच्या नोंदींत रिकामे रकाने फार दिसतात. कोण करतं गं?"

मी म्हटलं, "मला काय ठाऊक."

मग तू समजावायला लागलास. आमच्या दवाखान्याचा कॉम्प्युटरवरचा कार्यक्रम तू लिहिलेला नाही, पण त्याच्या पोटात तुझी लायब्ररी आहे, आणि तशीच ती अजून कितीतरी ठिकाणच्या कार्यक्रमांच्या पोटात आहे. मला आधी लायब्ररी म्हणजे पुस्तकांचीच वाटायची, तू हसला होतास, म्हणालास, एकाने लिहून ठेवलेला तयार भाग, कोणीही आपल्या कार्यक्रमात बसवावा असा. तू म्हणालास, "ती फार लाडावलेली आहे. आकड्याच्या जागी कोणी काहीही दिलं तरी घेते आणि आपल्या मनाने आकडा करून टाकते. मिठाच्या बरणीत साखर ओतली तरी हूं नाही की चूं नाही. आता मी तिला शिस्त लावतोय. आकड्याच्या जागी आकडाच. नसेल तर थांबायचं आणि विचारायचं." आणि मग म्हणालास, "माहीत नाही आणि शून्य यात फार फरक आहे गं."

हे तू प्रेमाने बोलत होतास. पण पुढे तू एक वाक्य बोललास. तू म्हणालास, "माणसाने मुळात काय टाइप केलं होतं ते मी पुसत नाही. बाजूला जपून ठेवतो. कधी वाद झाला तर दाखवता येतं."

तुला कदाचित आठवतही नसेल. मला वाटलं, तू मला पकडलंस. मला वाटलं, आता माझा भाऊच दाखवणार, कोणाकोणाचे रकाने रिकामे आहेत, आणि सगळ्यांत जास्त माझेच निघणार.

दादा, तुझ्याविरुद्धच्या तक्रारीवर पहिली सही माझी होती ती यामुळे. आजवर कोणाला सांगितलं नाही. तुझ्या दाजींनाही नाही.

तुझी शिस्त आली त्या दिवशी दुपारी मशीन लाल झालं. अडतीस बाटल्या टेबलावर, वर वॉर्डात दुधाची वेळ झालेली, मोठ्या सिस्टर दारात उभ्या. "काय चाललंय काय? पोरं उपाशी आहेत वर!" त्या लाल चौकटीत इंग्रजीत दोन ओळी होत्या. आमच्यापैकी एकीला तरी त्या वाचता यायला हव्या होत्या ना? मावशी म्हणाल्या, "रागावलंय गं, पण कशावरून ते सांगत नाही, अगदी माझ्या नवऱ्यासारखं." सगळ्या हसल्या. मी नाही हसले.

संध्याकाळी तक्रार लिहिली. ज्याने हे केलं त्याला दवाखान्याचं काम कळत नाही, असं लिहिलं होतं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "तुझाच भाऊ ना? तू पहिली सही कर, म्हणजे वजन पडेल." मी केली. त्या तक्रारीवरून तुझी शिस्त काढून टाकली.

आठ दिवसांनी, रविवारी, तुझा फोन आला तेव्हा मी उलटी तुझ्यावरच चढले. "चार बुकं शिकलास म्हणून दूधपित्या पोरांना उपाशी ठेवणार का? तुझी फी भरायची म्हणून मी शाळा सोडली, ती याच्यासाठी?" शाळा मी त्यासाठी सोडली नव्हती. मला गणित येत नव्हतं आणि आई आजारी होती. तुलाही माहीत आहे, मलाही. त्या रविवारी मी तुला सांगणार होते की मला दिवस गेलेत. तीन महिने झाले होते. त्याच्या ऐवजी हे बोलले, आणि त्यानंतर तू ते ऑफिस सोडलंस, तुझा नंबरही लागेना.

ताप १०१ आहे. सिस्टर आल्यात, पंपाची वेळ झाली.

बारकी


शनिवार, ९ मार्च

दादा,

सांगून टाकलं.

त्याआधी एक राहिलंय, ते आधी लिहिते, नाहीतर परत लपवीन. गेल्या रविवारी मी ती बाटली पाहिली तेव्हा ती अर्धी होती. अर्धं दूध बाळाच्या पोटात गेलं होतं, अर्धं जायचं होतं. मला तारीख दिसली, लॅब बंद होती ते आठवलं, आणि मी गप्प बसले. बोलले तर विचारतील, तुला कसं माहीत? दोन तासांनी सिस्टरनी त्याच बाटलीतून बारा मिली काढलं. मी बघत होते. पुढच्या दोन तासांनी परत बारा. मी आई आहे आणि मी बघत होते.

लिहिलं. आता पुढचं.

काल सकाळी मी मोठ्या सिस्टरांच्या खोलीत गेले. टाक्यांमुळे मला अजून नीट उभं राहता येत नाही, दाराला धरून उभी होते. त्या म्हणाल्या, "बस, काय गं, बाळाचा ताप उतरतोय ना?"

मी म्हटलं, "सिस्टर, फ्रीझरमधलं दूध थांबवा."

"कुठलं?"

"सगळंच."

त्यांनी चष्मा काढला. मी युक्ती सांगितली, दोनदा बटण सांगितलं, लॅब बंद होती ते तीन दिवस सांगितले, तुझा फोन सांगितला, सही का केली ते सांगितलं. मध्ये त्या एकदा म्हणाल्या, "हळू बोल," मग दार लावून घेतलं. माझं संपल्यावर त्यांनी टेबलावरचं पेन सरळ केलं. मग म्हणाल्या, "सही करायला मी सांगितलं होतं तुला."

"हो."

"मग दोघींनी मिळून निस्तरायचं. तू रडणं थांबव. दूध पळेल, आधीच नाही तुला." असं म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं होतं, मारतील.

तासाभरात फ्रीझरला कुलूप लागलं. मोजल्या तर हिरव्या स्टिकरच्या दोनशे बारा बाटल्या निघाल्या. दोनशे बाराच्या रकान्यात शून्य. त्यातली किती शून्यं लॅबने सांगितलेली आणि किती माझ्यासारखीच्या रिकाम्या रकान्याची, हे बघून कळत नाही. शून्य शून्यासारखंच दिसतं ना. लॅबवाल्या मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, "फोनवर सांगितलं की माझ्या पाटीवरचं पुसते मी." सगळ्या परत तपासायच्या तर लॅबला दिवसाला दहा जमतात. एकवीस-बावीस दिवस. वॉर्डात नऊ बाळं आहेत आत्ता, बँकेच्या दुधावर. माझी धरून.

डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. मला वाटलं आता खरं ऐकावं लागणार. त्यांनी विचारलं ते एवढंच, "बाळाचा ताप त्या बाटलीमुळेच असेल असं तुला वाटतं?"

मी म्हटलं, "हो."

त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाला ताप यायला दहा कारणं असतात. त्या बाटलीची तपासणी झाली होती का, एवढं कळलं तरी मला औषध ठरवायला मदत होईल. तोपर्यंत तू स्वतःला शिक्षा ठोठावू नकोस, मला तेवढा वेळ नाही." अशाच बोलतात त्या. पण पेटीचं झाकण उघडताना त्यांचा हात फार हलका असतो.

मग कॉम्प्युटरवाले आले. तुझ्या ऑफिसातून नाही, दवाखान्याचे. त्यांना मी तुझं ते वाक्य सांगितलं, मूळ टाइप केलेलं पुसत नाही, बाजूला ठेवतो म्हणून. ते खुर्चीत एकदम ताठ झाले. "असं म्हणाला तो? नक्की?" मी म्हटलं, "नक्की, मी तर त्याच वाक्याला घाबरून पाच महिने काढले."

दुपारभर शोधत होते. तुझी शिस्त काढून टाकली आणि जुनं परत बसवलं, तरी ते बाजूला ठेवणं चालूच असणार म्हणाले, कारण ते आधीपासूनचं आहे. पण कुठे ठेवतं ते कुठेच लिहिलेलं नाही. शेवटी म्हणाले, "ज्याने लिहिलं त्याने पाच मिनिटांत दाखवलं असतं."

अजून एक सांगितलं त्यांनी. तुझ्या त्या शिस्तीत रिकामं सोडण्यासाठीही जागा होती. "तपासणी बाकी" असं एक बटण होतं, ते दाबलं की पिवळं स्टिकर निघणार होतं आणि काम अडणार नव्हतं. दादा! आम्हाला कोणी दाखवलंच नाही ते. तुझंही थोडं चुकलंच हं यात. रागावू नको. पण तू एकदा येऊन आमच्या स्टुलावर बसला असतास, अर्धा दिवस, हातात ओल्या बाटल्या आणि कानाला फोन घेऊन, तर त्या लाल चौकटीत तू साधं लिहिलं असतंस, "आकडा आला नाही का? पिवळं बटण दाबा." मग मी दाबलं असतं. सातवीपर्यंत शिकलेय मी, एवढं वाचता येतं.

मंगळवारी सकाळी दहा वाजता बाटल्या ओतून द्यायच्या असं ठरलंय. तोपर्यंत काही कळलं तर ठीक. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, खात्री नसलेलं दूध मी ठेवू शकत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे.

पण त्या बाटल्यांत कोणाकोणाचं दूध आहे ते मला माहीत आहे. एक शिक्षिका येते, शाळा सुटल्यावर, तिची अठरा आहेत. एक जुळ्यांची आई आहे, ती म्हणते माझ्या दोघांना पुरून उरतं, काय करू. आणि एक बाई होती, तिचं बाळ तिसऱ्या दिवशी गेलं. तरी ती नऊ दिवस येत राहिली. मावशींनी तिला म्हटलं, "अगं पोरी, आता नको येऊस, घरी पडून राहा." ती म्हणाली, "येतंय ना, मग कुठे ओतू?" तिच्या अकरा बाटल्या आहेत. त्या अकराचे आकडे मी फोनवर ऐकून माझ्या हाताने भरलेत, सगळी शून्यं होती, मला आठवतंय. पण मला आठवतंय याला कोण विचारतं? उद्या दुसरी एखादी म्हणेल, मलाही आठवतंय.

बाळाला पावडरचं दूध देऊन बघितलं. पोट फुगलं. बंद केलं. आता नुसतं सलाईन. तेराशे ऐंशी ग्रॅम झाली. ताप मात्र उतरलाय, नव्याण्णव.

तक्रार मी परत घेतलीय. माझ्या हाताने लिहून दिलंय की रिकामा रकाना मशीनने घेऊ नये, आम्ही ओरडलो तरी घेऊ नये. मावशींनी खाली अंगठ्याऐवजी सही केली, शिकल्यात त्या नुकत्याच. सकाळच्या पाळीच्या बायका कुरकुरल्या, "म्हणजे परत लाल होणार?" मावशी म्हणाल्या, "होऊ दे की. नवरा रागावला तर सहन करता, मशीनचं काय एवढं मनाला लावून घेता?"

तुला पत्रं मिळतायत का रे? नसतील मिळत तर राग नाही. मिळत असून तू बोलत नसशील, तरी राग नाही.

बारकी


सोमवार, ११ मार्च, सकाळ

नमस्कार.

हे पत्र माझ्या भावासाठी नाही. तुमच्या टेबलावर बसणारा जो कोणी हे उघडेल त्याच्यासाठी आहे. बाळाचे बाबा स्वतः घेऊन येतायत, ते दारात उभे राहतील, आत सोडलं नाही तर वॉचमनकडे देतील. टपालाला वेळ नाही.

माझा भाऊ तुमच्याकडे काम करायचा. याआधी मी पाठवलेली तीन पत्रं आहेत ती त्याचीच. बाळाच्या बाबांना मी सांगितलंय, टेबलावर न उघडलेली पडली असतील तर तीही याच्यासोबत ठेवा. तुम्ही वाचलीत तरी चालेल. मी लपवायचं सोडून दिलंय. दवाखान्याने तुमच्या साहेबांना शुक्रवारी निरोप ठेवलाय, उत्तर आलेलं नाही. साहेब मोठे, त्यांना कामं असतील. म्हणून मी तुम्हाला लिहिते, जे त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसायचे.

त्याने लावलेली शिस्त काढून टाकायला लावणारी तक्रार माझी. ती शिस्त बरोबर होती. तुमच्यापैकी कोणी तेव्हा त्याला हसलं असेल तर त्याचा दोष माझ्यावर टाका. तुम्हाला मी दवाखान्यातलं खरं काम सांगितलंच नाही, तक्रारीत उलटच लिहिलं.

आज अजून दुधाची सोय नाही. दोन आया ताजं देऊन गेल्या, ते तपासून होईपर्यंत बुधवार उजाडेल. नऊ बाळं आहेत. दोघांना पावडर सोसली, सात जणांना नाही. माझी आज तेराशे पन्नास भरली. तिचा रक्ताचा रिपोर्ट अजून आलेला नाही. सकाळी सिस्टरनी मला पहिल्यांदा तिला छातीशी धरू दिलं, अर्धा तास. सगळ्या नळ्यांसकट. ती माझ्या गळ्याजवळ तोंड हलवत होती, शोधत होती. मी तिला काय देऊ?

कॉम्प्युटरवाले म्हणतात, मूळ नोंदी कुठे ठेवल्यात ते कळलं तर अर्ध्या तासात दोनशे बाराच्या दोन रांगा करता येतील, तपासलेल्या आणि न तपासलेल्या. तपासलेल्या आज संध्याकाळीच बाळांना. न तपासलेल्या ओतू. त्यात माझ्या हातच्या किती निघतात ते सगळ्यांना दिसेल. दिसू दे. तसं मी मोठ्या सिस्टरांना आधीच सांगून ठेवलंय, यादी माझ्यासमोरच वाचा.

तुमच्यापैकी कोणाकडे तरी त्याचा नंबर असणार. बरोबर जेवायला बसणारं कोणीतरी असेलच. मला नंबर देऊ नका, नियम आहे ना, मोडू नका. तुम्हीच लावा.

आणि हे सांगा. बहीण म्हणते, रकाने मी रिकामे सोडले होते, तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले. सांगा की त्याला भाची झालीय आणि ती भुकेली आहे. माझ्याशी बोल असं सांगू नका. माझ्याशी बोलायची सक्ती वाटली तर कदाचित तो फोन कापेल. दवाखान्याच्या कॉम्प्युटरवाल्यांचा नंबर मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलाय. त्याने त्यांनाच लावावा आणि कुठे बघायचं तेवढं सांगावं. मी खोलीत नसेन. मी वर वॉर्डात असते.

उद्या सकाळी दहाला कुलूप उघडणार.

तो लगेच काही म्हणणार नाही. लहानपणापासून असाच आहे, मोठी गोष्ट ऐकली की आधी गप्प होतो. तुम्हाला वाटेल फोन कट झाला. ठेवू नका. तो आत हिशेब लावत असतो. थोडं थांबा, तो विचारेल, आणि पहिला प्रश्न बाटल्यांचाच विचारेल, बाळाचा नाही, म्हणून त्याला दगड समजू नका.

हात जोडते. हे वाचून झाल्यावर बाजूला ठेवू नका. माझ्या भावाला फोन करा.